गाडीची खोड काय?

वडिलांना आम्ही घरात भाऊ म्हणतो. खानदेशात यात काही विशेष नाही, पण कॉलेजात पुण्याकडच्या एक सहकारी बाई आहेत, त्यांना अजून वाटतं की मी थोरल्या भावाबरोबर राहते आणि या वयात त्याची फारच सेवा करते. तो गैरसमज मी दूर केलेला नाही. त्यामुळे स्टाफरूममध्ये मला जरा मान आहे.

भाऊ सरकारी खात्यात ड्रायव्हर होते. तीसेक वर्षं त्यांनी साहेबलोकांच्या ॲम्बॅसिडर चालवल्या. निवृत्तीनंतर माझी छोटी गाडी तेच चालवायचे आणि मी शेजारी बसून वह्या तपासायचे. मग ऐंशीच्या आसपास डोळ्यांत काचबिंदू निघाला. समोरचं थोडं दिसतं, बाजूचं गेलं. डॉक्टर म्हणाले, आहे तेवढं सांभाळायचं, गेलेलं परत येत नाही. त्याच्या चार महिने आधी आई गेली होती. तिच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे आपापल्या गावी परतले आणि जळगावात मेहरूणच्या आमच्या घरात आम्ही दोघंच उरलो. डॉक्टरांकडून आलो त्या दिवशी भाऊंनी गाडीची किल्ली माझ्या टेबलावर आणून ठेवली, आणि तेव्हापासून त्यांचं बोलणं जवळजवळ थांबलं.

रुसवा नव्हता, भांडण तर नव्हतंच. विचारलं तर ‘हो’, ‘नको’, ‘झालं’ एवढं यायचं. दिवसभर खिडकीजवळच्या खुर्चीत बसून राहायचे. माझा स्वभाव तापट आहे, बारावीच्या वर्गांना रसायनशास्त्र शिकवून तो आणखी तापला आहे. मी चिडायचे. तलावावर फिरून येऊ म्हटलं की ते म्हणायचे, “तू जा.” आता मी कुठे जाणार होते? कॉलेज, घर, औषधं, स्वयंपाक. मैत्रिणी आधी बोलवायच्या, नंतर त्यांनी नाद सोडला, आणि खरं सांगायचं तर मला ते बरंच वाटलं. माझा सगळा जीव एकाच गोष्टीत अडकला होता, या माणसाने पुन्हा बोलायला हवं. त्यांचं जेवण दिवसेंदिवस कमी होत चाललं होतं आणि आई गेली त्या घरातून आणखी कोणाला इतक्या लवकर जाऊ द्यायची माझी तयारी नव्हती.

एका रविवारी जेवताना मी सरळ थाप मारली.

“भाऊ, मला एक जुनी ॲम्बॅसिडर घ्यायचीये.”

त्यांचा घास हातातच राहिला. “कशाला?”

“हौस म्हणून.”

“तुला?”

त्यांचा अविश्वास रास्त होता. मला गाड्यांतलं ओ की ठो कळत नाही. पेट्रोल कुठून भरतात तेवढं माहिती. पण मी फोनवर जुन्या गाड्यांच्या जाहिराती काढून ठेवल्या होत्या, त्या धडाधड वाचून दाखवल्या. जामनेरला एक आहे, धुळ्याला दोन आहेत, फैजपूरला एक होती ती विकली गेली. भाऊंनी उरलेली भाकरी संपवली, हात धुतले, आणि ओल्या हातांनीच माझ्याकडे तोंड करून म्हणाले, “जुनी गाडी बघायला एकटी जाऊ नको. फसवतील तुला.” इतकं लांब वाक्य मी त्यांच्या तोंडून कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं. मी भांड्यांच्या नावाखाली स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून रडून घेतलं.

गाडी घ्यायची नव्हतीच. आमच्या गल्लीत दुसरी गाडी उभी करायला जागा नाही, आणि मला हौस म्हणाल तर कशाचीच नव्हती. भाऊंना खुर्चीतून उठवायचं, एवढाच बेत.

पुढच्या रविवारी जामनेरला निघालो. निघताना भाऊंनी तीन वस्तू घ्यायला सांगितल्या. फ्रिजवरचं चुंबक, जुना मऊ फडका आणि लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर. मी म्हटलं, दरोड्याला चाललोय का. ते हसले नाहीत, पण गाडीत बसल्यावर त्यांनी पट्टा स्वतः ओढून लावला. रस्ताभर मीच बडबडत होते. प्राचार्यांची नक्कल, स्टाफरूममधल्या कुरबुरी, प्रॅक्टिकलच्या परीक्षेत मुलांनी फोडलेल्या परीक्षानळ्या, जे सुचेल ते. ते बोलत नव्हते तर शांतता कोणीतरी भरून काढायला हवी होती.

जामनेरला बाजाराजवळ एका व्यापाऱ्याने गाडी दारातच लावून ठेवली होती. दुधासारखी पांढरीशुभ्र, चाकांवर चकचकीत टोप्या, पुढे लग्नाची रिबीन अजून तशीच. मला फारच आवडली. भाऊंनी गाडीला हातही लावायच्या आधी त्या माणसाला विचारलं, “गाडीची खोड काय?”

तो म्हणाला, “खोड? काहीच नाही काका. बठ्ठा ओरिजिनल शे.”

भाऊ मान हलवून पुढे झाले. बॉनेटवर नुसता तळहात ठेवला. मग फार सभ्यपणे विचारलं, “आमच्या आधी कोणी येऊन गेलं का?” कोणी आलं नव्हतं. मग सकाळी साडेनऊला इंजिन गरम कसं, असं विचारल्यावर तो माणूस काच पुसायला लागला. भाऊंनी मला चुंबक काढायला सांगितलं. डाव्या मडगार्डवर ते लावलं की खाली पडायचं, लावलं की पडायचं. पत्र्याच्या जागी बोटभर पुट्टी होती आणि वरून रंग. चुंबक तिसऱ्यांदा पडल्यावर व्यापारी म्हणाला, चुंबकच कमजोर असेल. आम्ही चहा घेतला आणि निघालो.

परतताना भाऊ आपणहून बोलले. जुनं इंजिन गार असताना सुरू करून बघायचं असतं. गरम करून ठेवलेलं इंजिन सगळे आजार लपवतं, म्हणून विकणारा आधी तेच करतो. मी विचारलं, आणि ती खोड कसली? तेव्हा त्यांनी मला त्यांच्या खात्यातली रीत सांगितली. एका ड्रायव्हरची बदली झाली की तो पुढच्याला गाडीचा चार्ज द्यायचा. कागदावर जॅक, पाने, स्टेपनी, सगळ्याची यादी असे आणि त्यावर सह्या होत. पण किल्ली मात्र त्यानंतरही हातात पडत नसे. जाणारा ड्रायव्हर येणाऱ्याला बाजूला घेऊन गाडीच्या खोडी सांगायचा. हिला तिसरा गिअर जरा थांबून टाकायचा, हिचा ब्रेक पावसात डावीकडे ओढतो. बैल घेताना विचारतात तसंच. खोड सांगितली की मग किल्ली. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण न सांगता किल्ली देणाऱ्याला बाकीचे ड्रायव्हर चहाला बोलवत नसत.

“खोड नाही असं जो म्हणतो,” भाऊ म्हणाले, “त्याने एक तर गाडी चालवली नाही, नाहीतर तो आपल्याला मूर्ख समजतो.”

मला त्या व्यापाऱ्याचे पाय धरावेसे वाटले. त्याने खोटं बोलून माझ्या वडिलांना बोलतं केलं होतं.

मग आमचा क्रमच पडला. शनिवारी मी जाहिरात शोधायची, रविवारी सकाळी निघायचं. धुळ्याला एका गॅरेजमध्ये गेलो तिथे मालकाने कागद आधीच काढून ठेवले होते. भाऊंनी मला आरसी बुकातला चेसी नंबर मोठ्याने वाचायला लावला आणि स्वतः गाडीच्या पत्र्यावर ठोकलेल्या नंबरावर फडका फिरवून एकेका आकड्यावरून बोट नेलं. मला सगळे आकडे बरोबर दिसत होते, अगदी जुळत होते. भाऊ सातव्या आकड्याशी थांबले, परत मागे आले, पुन्हा पुढे गेले. मालकाला “बघतो, कळवतो,” म्हणून नमस्कार केला. रस्त्यावर आल्यावर म्हणाले, “तो आठाचा आकडा मागाहून ठोकलाय. बाकीचे झिजून गुळगुळीत झालेत, त्याच्या कडा अजून लागतात हाताला. ती गाडी कोणाची आहे देव जाणे. आपण या गल्लीत परत यायचं नाही.” मी त्यांच्या बोटांकडे बघत राहिले. डोळे गेले म्हणून मी या माणसाला सहा महिने आजारी समजत होते.

दुसऱ्या एका गाडीत मागच्या सीटखाली कोंबडीची पिसं निघाली. तिसरीचा मालक म्हणाला, गाडी डॉक्टरांची, फक्त दवाखान्यात जायची. भाऊंनी क्लचच्या पायपट्टीवर तळवा फिरवला, रबर पार संपलं होतं, आणि विचारलं की दवाखाना कुठे होता, नागपूरला का? मी हसू दाबायला बाहेर गेले. प्रत्येक वेळी ‘नको’ म्हणायला कारण मिळत होतं आणि आमचा पुढचा रविवार पक्का होत होता. भाऊ दोन भाकरी खायला लागले होते. माझी थाप छान चालली होती, आणि अशा थापेचं काय होतं याचा विचार करायची मला गरज वाटत नव्हती.

शिंदखेड्याची जाहिरात वेगळीच होती. एकच फोटो, तोही वाकडा, आणि खाली लिहिलेलं, ‘चालू आहे. येऊन बघा.’ अमळनेर, बेटावद करत आम्ही पोचलो. गावाबाहेर कपाशीच्या शेताला लागून घर होतं. मालक भाऊंच्याच वयाचे, कापूस उत्पादक शेतकरी, सगळे त्यांना नाना म्हणत. गुडघ्याला पट्टा बांधलेला. त्यांनी खाट पुढे ओढली.

“या, बठा. पानी ल्या.”

भाऊंनी पाणी घेतलं आणि नेहमीचा प्रश्न टाकला. “गाडीची खोड काय?”

नानांनी आधी आपली टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. मग एकदम सुरू झाले. “खोडी इचारतस का? बठ्ठ्या सांगस. डावीकडे वळावं का हॉर्न आपोआप वाजस. पेट्रोलना काटा कायम अर्धावर ऱ्हास, टाकी भरेल राहो का खाली. मांगलं दार खड्डामा उघडस, तठे मी दोरी बांधेल शे. आन सकायमा चालू व्हताना कुरकुर करस. एकदाव चालू व्हयनी का मंग धुयापर्यंत काही म्हनत नही.” म्हणजे थेट धुळ्यापर्यंत.

भाऊंच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते मी आई गेल्यानंतर पहिल्यांदा पाहिलं. ते खाटेवरून उठले आणि नानांना म्हणाले, “दोरी कशी बांधी, दावा माले.”

इथे एक सांगायला हवं. भाऊ मूळचे धुळे भागातले. माझ्याशी ते पहिल्यापासून शाळेच्या पुस्तकातली मराठी बोलत आले, कारण मुलगी शिकली पाहिजे. अहिराणी ते फक्त आईशी बोलायचे. आई गेली आणि आमच्या घरातून ती बोलीच गेली. मला ती समजते, पण बोलता येत नाही, आणि ती गेल्याचंही मला तोवर जाणवलं नव्हतं. शिंदखेड्याच्या त्या अंगणात ती एकदम परत ऐकू आली, तेव्हा मी पाण्याचा पेला हातात धरून तशीच उभी राहिले.

तपासणी दोन तास चालली. बॉनेट गार होतं. नानांनी आम्ही यायच्या आधी इंजिनाला हात लावला नव्हता. पहिल्या दोन वेळा किल्ली फिरवल्यावर इंजिन सांगितल्याप्रमाणे कुरकुरलं, तिसऱ्यांदा लागलं. भाऊंनी स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून ऐकत राहिले. मला मागे पाठवलं, धूर कुठल्या रंगाचा आहे ते बघायला. पांढरा होता, मग तोही विरला. निळा असता तर इंजिन ऑइल खातं म्हणायचं. चुंबक सगळीकडे चिकटलं, फक्त मागच्या डिकीवर एका जागी पडलं. नाना म्हणाले, तिथे एकदा बैलाने शिंग मारलं होतं, ते सांगायचं राहिलं, आणि त्यांनी माफी मागितली.

गाडीचा इतिहास बॉनेटच्या आतल्या बाजूला होता. नानांनी गाडी घेतली तेव्हापासून प्रत्येक वेळी ऑइल बदललं की तिथे काळ्या रंगाने बारीक अक्षरात तारीख आणि किलोमीटर लिहिले होते, मधूनमधून एखादा शब्दही. ‘कापूस विकला. टायर नवे.’ ‘मोठीचं लग्न.’ ‘क्लच प्लेट, धुळे.’ भाऊंनी मला पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचायला लावलं. मी वाचत होते आणि ते मनाशी आकडे जुळवत होते. मीटर मागे फिरवला असेल तर कुठेतरी किलोमीटर उलटे पडतात किंवा मध्ये मोठी भगदाडं दिसतात. इथे आकडे कपाशीच्या हंगामासारखे नेमाने वाढत गेले होते आणि गेल्या काही वर्षांत हळूहळू थांबत आले होते. शेवटची ओळ होती, ‘गुडघा.’ एवढाच शब्द.

आरसी बुकावर पहिल्यापासून एकच नाव होतं. बँकेचा बोजा नाही. दर पाच वर्षांनी होणारं पासिंग वेळच्या वेळी झालेलं. चेसी नंबरावरून भाऊंनी दोनदा बोट फिरवलं आणि दोन्ही वेळा समाधानाने मान हलवली. आणि मी मनातल्या मनात घाईघाईने एखादी खोट शोधायला लागले. या गाडीला ‘नको’ म्हणायला कारण सापडत नव्हतं. हा साधा माणूस बैलाच्या शिंगासाठीही माफी मागत होता, आणि आम्ही त्याचं अर्धं दूध चहात संपवून त्याला खोटं सांगून जाणार होतो.

राहिला होता खालचा पत्रा. नानांनी अंगणात सिमेंटचे दोन ओटे बांधले होते, त्यांवर गाडीची चाकं चढायची आणि मध्ये कमरेएवढा खड्डा. भाऊ म्हणाले, “माझ्या डोळ्यांना खाली काही दिसणार नाही. तू उतर.” मी काही सडपातळ बाई नाही. नानांनी पोतं टाकलं, मी पदर खोचला आणि कशीबशी खड्ड्यात शिरले. हातात टॉर्च आणि स्क्रूड्रायव्हर. मुठीकडून ठोकत जायचं. ‘टण्’ आवाज आला तर पत्रा जिवंत, ‘बद्द’ आला तर आतून सडलेला. मी पुढून सुरुवात केली. टण्, टण्, टण्. वर दोघं गाडीला टेकून उभे होते. मला त्यांच्या फक्त चपला दिसत होत्या.

मध्येच ठोकणं थांबवून मी गंज पुसत होते, तेव्हा भाऊंचा आवाज आला. हळू होता, पण खड्ड्यात सगळं ऐकू येत होतं.

“नाना, तुम्ही बठ्ठं खरं सांगं, तं मी बी एक खरं सांगस. आमले गाडी लेवानीच नही शे.”

धरणीने पोटात घ्यावं असं आपण म्हणतो. मी तर आधीच तिच्या पोटात होते. म्हणजे गाडी घ्यायचीच नव्हती हे यांना माहीत होतं. माझी हौस, माझ्या जाहिराती, सगळं यांना पहिल्यापासून कळलं होतं.

नानांनी येण्याचं कारण विचारलं, “मंग इतला लांब कसाले उनात?”

“पोरसाठे,” भाऊ म्हणाले. “तिनी माय गई तवयपासून ती हासनीच नही. कॉलेज आन घर. कोनाकडे जात नही, कोनले बोलावत नही. घरमा मनासंगे बी दोन शब्द बोलत नही. तिले वाटस, ती माले बाहेर काढी ऱ्हायनी. मी म्हनतं, काढू द्या. त्यामुये ती तरी बाहेर निंघस.” मग, “गाडी चालवता चालवता बोलस ती. जातांना बी आन येतांना बी. मी गुपचूप ऐकस. मना डोया गयात, त्यानं मी कसं बी भागाडी लिसू. तिनं काय व्हई?”

डोळे गेले त्याचं मी कसंही भागवून घेईन, तिचं काय होईल. इतकंच म्हणाले ते.

मी खड्ड्यात पोत्यावर बसून राहिले. सहा महिने मी ज्याला गप्प म्हणत होते, तो माणूस माझ्या गप्प राहण्याकडे लक्ष ठेवून होता. मी घरात बोलत नव्हते? मला खरोखरच आठवेना. मग आठवलं. मी औषधं द्यायचे, ताट वाढायचे, चिडायचे, आणि टीव्ही लावून आत जायचे. त्यांना ‘तलावावर चला’ म्हणताना मी कधी स्वतःच्या चपला घातल्या नव्हत्या. ते ‘तू जा’ म्हणत होते ते टाळायला म्हणत असतील असं मी धरून चालले, पण मी खरंच जावं असं त्यांना वाटत होतं. इतके रविवार मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेत होते, आणि ऐंशी वर्षांचा, अर्धी नजर गेलेला म्हातारा गाडीत शंभर-शंभर किलोमीटर हाडं खिळखिळी करून घेत होता, मुलगी बोलते म्हणून.

वरून नानांचा आवाज आला. “तिले माहीत शे का?”

“नही. तुम्ही बी सांगू नका.”

मी पुन्हा ठोकायला लागले, कारण फार वेळ आवाज आला नसता तर ते वाकून बघायला आले असते. टण्, टण्. डोळ्यांत गंज गेला होता, असं मी नंतर सांगितलं आणि ते निम्मं खरंही होतं. उजवीकडे, ड्रायव्हरच्या पायाखाली, एका ठिकाणी बद्द आवाज आला.

“काय गं, झालं का?” भाऊंनी पुस्तकातल्या मराठीत विचारलं. “काय दिसतंय?”

मी वर आले. नाना माझ्याकडे न बघता टोपी झटकत होते. मी अहवाल दिला. उजवीकडचा पत्रा वीतभर गेला आहे, बाकी सगळं ठणठणीत आहे, कमानीचे पाटे शाबूत आहेत, ऑइल कुठे गळत नाही. भाऊंनी ऐकून घेतलं. त्यांनी ‘नको’ची तयारी केली असणार, कारण ते उठून चपला शोधायला लागले होते.

“घेऊ या,” मी म्हणाले.

भाऊ थांबले. “विचार कर. हिचे स्पेअर शोधावे लागतात. पत्रा बदलावा लागेल. गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला आहेत, तुला सवय नाही. गल्लीत जागा नाही.” एकेक खरी अडचण त्यांनी मोजून सांगितली. एकही वाढवून सांगितली नाही, एकही लपवली नाही.

“माहितीये.”

“मग कशाला?”

“रविवारी जायला.”

त्यांनी माझ्या दिशेने मान वळवली. त्यांना मी किती दिसत होते मला माहीत नाही. मग हात पुढे करून ते नानांना म्हणाले, “द्या मंग किल्ली. खोडी तं सांग्या तुम्ही.”

किमतीचं बोलणं दहा मिनिटांत झालं. कागदपत्रं धुळ्याहून जळगावला येऊन माझ्या नावावर व्हायला काही आठवडे गेले, आणि त्यात भाऊंनी एजंटला जे प्रश्न विचारले त्याने तो माणूस मला बघितलं की रस्ता बदलतो. पत्रा बदलला. शेजारच्या वाणीकाकूंनी त्यांच्या परसात गाडीला जागा दिली आणि त्याबदल्यात महिन्यातून एकदा त्यांना माहेरी सोडायचं ठरलं. गिअर मला भाऊंनी शिकवले, शेजारी बसून, नुसत्या आवाजावरून. “आता. आता नाही. आता.” शिकताना मी त्यांच्यावर ओरडले आणि तेही माझ्यावर ओरडले. घरात इतका आवाज बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. नानांचा दर आठवड्याला फोन येतो. गाडी बरी आहे का, असं विचारायला. ते आणि भाऊ अर्धा तास अहिराणीत बोलतात आणि त्यात गाडीवर दोन मिनिटंही जात नाहीत. मी बाजूच्या खोलीत वह्या तपासत बसते, दार उघडं ठेवून. परवा एका शब्दाचा अर्थ लागेना, तर मी उठून जाऊन विचारला. भाऊंनी सांगितला आणि मला तो तीनदा म्हणायला लावला.

खड्ड्यात ऐकलं ते मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. सांगायचं तर कसं? आपल्याकडे वडिलांना तोंडावर आभार मानायची पद्धत नाही, आणि मी मानायला गेले तर दोघंही अवघडून जाऊ. पण मनापासून सांगते, आयुष्यात मला इतकं जपलं गेल्याचं याआधी कळलं नव्हतं. आई होती तेव्हा ते दोघं मिळून जपत होते, म्हणून ते दिसलं नाही. ती गेल्यावर तिच्या वाटचंही भाऊंनी अंगावर घेतलं, तेही आंधळे होता होता, आणि मला कळू न देता.

आता त्यांना समोरचंही फारसं दिसत नाही. अक्षरं तर गेलीच. पेपर, पत्रं, विजेचं बिल, सगळं मी मोठ्याने वाचून दाखवते. मी काहीतरी लिहिते आहे हे त्यांना माहीत आहे, आणि काल दोनदा विचारून झालं, “झालं का? वाच की.” मी म्हटलं, उद्या सकाळी चहानंतर वाचते. खड्ड्यातला भागही त्यात आहे. तो गाळून वाचायचा नाही, एवढं ठरवलं आहे.